देव्हाऱ्यातला तारा

वडनेर भोलजी
ता. ६ नोव्हेंबर १९४७

निवृत्तीस,

मोठ्या भावाने धाकट्याला लिहिताना वर चिरंजीव आणि खाली आशीर्वाद लिहायचा असतो. दोन्ही माझ्यापाशी आहेत, पण तूर्त मी ते तुझ्यावर खर्च करणार नाही.

तुझं पुस्तक पोचलं. ‘समाजवादी श्रमवीर : एका किताबाचा इतिहास.’ पहिल्या पानावर ‘दादांस सप्रेम’ असं लिहिण्याची तुझी हिंमत पाहून मला तुझं कौतुक वाटलं. प्रेसमध्ये मुद्रितं तपासता तपासता तू स्वतःच ग्रंथकार झालास, बरं झालं. आता मी काय लिहितो ते नीट वाच. तुला सोयीचं तेवढंच लक्षात ठेवायची लहानपणापासून खोड आहे, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी आपल्या वावरात सीतादही होती. आपल्याकडे वेचणीच्या पहिल्या दिवशी घरची मालकीण दहीभात घेऊन वावरात जाते, पऱ्हाटीला हळदकुंकू लावते, दहीभात शिंपडते, पहिल्या बोंडाचा कापूस आपल्या हाताने काढते आणि मग बाया वेचणीला लागतात. आई होती तेव्हा आई करायची. आई गेल्यापासून तुझी वहिनी करते. हे तुला माहीत नव्हतं असं म्हणू नकोस. तिच्या पदराला धरून तूच पुढे धावायचास आणि उरलेला दहीभात तूच खायचास.

त्या दिवशी तू नांदुऱ्याला गाडीतून उतरलास आणि घरी न येता थेट वावरात आलास. वहिनीने दहीभाताचं भांडं उचललं, एवढ्यात तू मध्ये उभा राहिलास आणि भाषण केलंस. रशियात कापूस वेचणाऱ्या बाईला सरकार सोन्याचा तारा देतं, इथे जी बाई सगळ्यात जास्त वेचते तिला काय मिळतं, असं विचारलंस. मग खिशातून तो पितळेचा तारा काढलास आणि वेचणाऱ्या बायांतल्या तानुबाईच्या लुगड्याला टाचणीने टोचलास. आणि वर म्हणालास, आजची सीतादही तानुबाई करेल.

तानुबाई घाबरली, बाया खाली बघायला लागल्या. मी दोन शब्द बोललो, तेही तुला, दुसऱ्या कोणाला नाही. तू चार बोललास. आपल्या दोघांचं चाललं असताना वहिनीने भांडं बांधावर ठेवलं आणि घरी निघून गेली. कुत्र्याने दहीभात खाल्ला. तू आल्या पावली परत स्टेशनावर गेलास.

तेव्हापासून वहिनी वावराकडे फिरकलेली नाही. सीतादही झाली नाही म्हणून एकही बाई वेचायला येत नाही. शेजारच्या पुंजाजीची पहिली वेचणी उरकून गाड्या नांदुऱ्याला सरकी काढायच्या जिनात गेल्या. आपली पऱ्हाटी पांढरीशुभ्र होऊन उभी आहे आणि कापूस लोंबायला लागला आहे.

तू येऊन वहिनीची माफी माग. तानुबाईकडून तो तारा परत घे आणि मुंबईच्या समुद्रात टाक. याला उत्तर म्हणून मला आणखी एक पुस्तक पाठवू नकोस.

हिंमतराव


वडनेर भोलजी
ता. १८ नोव्हेंबर १९४७

निवृत्तीस,

तुझं पाचपानी उत्तर मिळालं. त्यात ‘सरंजामी’ हा शब्द इतक्या वेळा आला आहे की तुझ्या प्रेसमधले त्या अक्षरांचे खिळे झिजले असतील.

तू लिहितोस, मी पुस्तक न वाचताच बोलतो. मी वाचलं. दिवाळीत ओसरीवर बसून मोठ्याने वाचलं, पुंजाजी आणि चार मंडळी ऐकायला होती. एवढी करमणूक गावात कधी झाली नव्हती.

हा किताब निघाला १९३८च्या डिसेंबरात. कष्टकऱ्यांच्या राज्यातला कष्टाचा सर्वात मोठा मान, असं तू लिहितोस. ठीक. पहिला मानकरी कोण? नांगऱ्या? गवंडी? कापूस वेचणारी? वर्षभर कोणीच नाही, आणि मग देशाचा जो सर्वेसर्वा, त्यालाच त्याच्या साठाव्या वाढदिवशी. पुंजाजी म्हणाला, आधी पोटोबा मग विठोबा. दुसरा मान बंदुका बनवणाऱ्याला. मग लढाई लागली तेव्हा तोफावाल्यांना, विमानवाल्यांना, रेल्वेवाल्यांना. शेतकऱ्याची पाळी आली यंदा मार्चात, आठ वर्षांनी. गहू, मका, बीट आणि कापूस. म्हणजे तिथेही शेतकरी पंगतीच्या शेवटीच बसतो, वाढपी तेवढे बदलले.

आणखी एक मजा. सुरुवातीला या किताबाला तारा नव्हताच, नुसता कागद आणि जुनंच एक पदक. तारा आला दीड वर्षाने, १९४०च्या मेमध्ये. सोन्याचा, मध्ये विळा-हातोडा. तू तानुबाईला दिलास पितळेचा. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण तुझ्यासाठीच केलेली दिसते.

तू मला टोमणा मारलास की इंग्रजांच्या राज्यात रावसाहेब व्हायला मी बुलढाण्याच्या बंगल्यावर आंब्याच्या करंड्या पाठवायचो. पाठवायचो. आंबे घरचे होते आणि साहेबाला आवडायचे. रावसाहेबी मिळाली नाही हे तू दोनदा लिहिलंस, ते एकदा लिहिलं असतंस तरी मला समजलं असतं. पण मग किताबाचा आणि कष्टाचा काही संबंध नसतो हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? इंग्रज रावसाहेब करायचा, तुझे रशियावाले श्रमवीर करतात. दोन्हीकडे देणारा वर उभा आणि घेणारा खाली.

आता ताऱ्याचं. तू आला नाहीस म्हणून मीच तानुबाईच्या घरी गेलो. मी तिच्या दारात कधी गेलो नव्हतो, तुझ्यामुळे जावं लागलं. म्हटलं, ते पितळ दे. तिने मला आत बोलावून देव्हारा दाखवला. खंडोबाचा टाक, भवानीचा टाक, तिच्या सासूचा टाक, आणि त्या ओळीत तुझा तारा. हळद वाहिलेली, कुंकवाचं बोट लावलेलं. धातूवर ठसा उमटवलेला, त्यात विळा, म्हणजे कोणीतरी देवीच असणार, असं तिने धरलं. अंगावर मिरवायची वस्तूच नव्हे ती, देवात ठेवायची, हे तिला तू न सांगता कळलं. मी परत मागितला तर मला म्हणाली,

“मालक, देव एकदा देव्हाऱ्यात बसला का उठवत नाई. तुमी तुमचे उठवता काय?”

रशियाच्या सरकारने एवढी वर्षं खपून जो तारा देवाधर्माशिवाय घडवला, त्याला वडनेरच्या बाईने एका सकाळीत नैवेद्य दाखवला. हे वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते पाहायला मी तिकिटाचे पैसे खर्चून मुंबईला येईन.

वावर तसंच आहे. वहिनीला रोज विचारतो. ती एकच बोलते, “बाहुली न्या.” त्याचा अर्थ तिलाच माहीत.

हिंमतराव


वडनेर भोलजी
ता. ३० नोव्हेंबर १९४७

निवृत्तीस,

तू चिडलास म्हणे. श्रमाच्या सन्मानाचा हा ‘अंधश्रद्धेने केलेला खून’ आहे, असं लिहितोस. तानुबाईला ‘समजावून सांगा’ असं मला लिहितोस. मी सरंजामी ना? मग मी कशाला सांगू? तूच ये आणि देव्हाऱ्यातून उचलून घेऊन जा. बाया तुला बांधापर्यंत जिवंत पोचू देतील का, ते मला पाहायचं आहे.

प्रकरण आता देव्हाऱ्यातही मावत नाही. कार्तिकी पौर्णिमेला गावातल्या सगळ्या वेचणाऱ्या बाया तानुबाईच्या घरी नारळ घेऊन गेल्या. ज्या कोणाची वेचणी सुरू व्हायची असेल ती बाई आधी तिथे जाते, ताऱ्यापुढे कापसाचं बोंड ठेवते. त्या देवीला नावही पडलं आहे, ‘वेचणीमाय’. तुझ्या पक्षाच्या कचेरीत हे कळव.

आणि त्या बायांत तुझी वहिनी होती. माझ्या घरची मालकीण, मजुरीच्या बाईच्या घरी, डोक्यावर पदर घेऊन, हातात नारळ. मला पुंजाजीने येऊन सांगितलं, आणि कसं हसत सांगितलं असेल ते तुला कळेल. मी तिला घरी आल्यावर विचारलं, काऊन गेली होती? तिने चुलीत लाकूड सारलं. तुझं आणि माझं आयुष्यात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं आहे, की तो तारा तिथे असू नये.

मी हातपाय हलवले नाहीत असं समजू नकोस. नांदुऱ्याहून वेचणाऱ्या बायांची दुसरी टोळी बैलगाडीत घालून आणली. त्या बांधावर उतरल्या आणि पहिलं विचारलं, सीतादही झाली का? नाही म्हटल्यावर गाडीत पुन्हा चढून बसल्या. मग मंजुळाबाईला, आपल्या चुलतभावाच्या बायकोला, विनवलं की घरातलीच आहेस, तू कर. तिने मलाच ऐकवलं, “मालकीण जिती असून मी करू? माह्या घरी काय इडापिडा कमी हाये?” दुसऱ्यांची दुसरी वेचणी चालली आहे. आपल्या वावरात वारा आला की कापूस सरीत पडतो आणि मातीत काळा होतो. वर्षभराची पऱ्हाटी आहे ही, निवृत्ती. तुझी सभा नाही, की पाऊस आला म्हणून उद्या घेऊ.

तू पत्राच्या शेवटी जे लिहिलंस त्याला उत्तर देणार नव्हतो, पण देतो. तू लिहितोस की त्या दिवशी वावरात ‘बाहुली’ हा शब्द मीच काढला. बायांच्या देखत म्हणालो की मान घराचा असतो, कष्टाचा नव्हे, कष्टाचा असता तर आधी बैलाला दिला असता, आणि सीतादहीला मालकिणीच्या जागी बाहुली उभी केली तरी चालते. आणि तो शब्द वहिनीने ऐकला.

बोललो असेन. रागात माणूस बोलतो. पण मी तो तुला बोललो होतो, तुझ्या भाषणाला उत्तर म्हणून. तू भाषण केलं नसतंस तर माझ्या तोंडात तो शब्द आला असता का? विस्तव तू लावलास आणि आता मला विचारतोस की धूर कोणाचा.

आणि तू स्वतः त्या दिवशी वहिनीकडे एकदा तरी पाहिलंस का? तू येणार असं पत्र होतं, म्हणून तिने आदल्या दिवसापासून पुरणाचे मांडे केले होते. ते तिसऱ्या दिवशी गायीला घातले.

हिंमतराव


वडनेर भोलजी
ता. ९ डिसेंबर १९४७

निवृत्तीस,

तू येत नाहीस हे कळलं. अधिवेशन आहे, दुसऱ्या आवृत्तीचं काम आहे, शिवाय ‘घरगुती रुसव्याफुगव्यांत’ पडायला तुला वेळ नाही. ठीक आहे. आजपासून कोणी विचारलं तर मी सांगेन की मला भाऊ होता.

दुसऱ्या आवृत्तीत एक दुरुस्ती कर. तू पुस्तकाच्या शेवटी दुसऱ्या एका किताबाची माहिती जोडली आहेस, आयांना मिळणाऱ्या. १९४४पासून रशियात ज्या बाईने दहा लेकरं वाढवली, त्यातलं धाकटं वर्षाचं झालं आणि बाकीची हयात असली, की तिलाही तारा मिळतो. ते पान काढून टाक. पुस्तक कष्टाच्या किताबाचं आहे, त्यात ते पान कशाला?

मी सांगितलं ना, दिवाळीत ओसरीवर मोठ्याने वाचत होतो. ते पान आलं तेव्हाही वाचत होतो. पुंजाजीने विचारलं, दहा? मी म्हटलं, हो, दहा. आपल्या घरी सरकारचा खर्च वाचला. मंडळी हसली. मग हसायची थांबली, कारण तुझी वहिनी चहा घेऊन दारात उभी होती. मीही थांबलो. एक वाक्य उशिरा थांबलो. तिने चहा दिला. कपबशा परत घेऊन गेली. हे तुला लिहायचं काही कारण नाही, फक्त ते पान तू छापलंस एवढं ध्यानात ठेव.

काल मी जेवायला बसलो होतो. भाकरी वाढताना ती बोलली. महिन्याभरात एवढं कधी बोलली नव्हती. जसं बोलली तसं लिहितो, कारण त्यात तुझाही वाटा आहे. तानुबाईला ती तान्ही म्हणते.

“तुमी दोघं भाऊ एकाच जातीचे. त्यानं तान्हीले तारा देल्ला, तिले इचारलं नाई का पाह्यजे का म्हून. तुमी मले मान देल्ला, मलेबी कोनं इचारलं नाई. मी या घरी आली तवापासून वेचून राह्यली. मालकीण म्हून शेवटच्या पाथीत, कोनाले दिसू नये अशी. त्याले दिसलं नाई, तुमाले दिसलं नाई. तान्हीले दिसलं. तिच्या घरी मी नारळ कोनाले फोडला, देवीले? तान्हीले फोडला.”

मी विचारलं, मग आता काय पाहिजे? वावर सडून चाललं आहे.

तेव्हा म्हणाली, “ओटी बांधा. एक पाथ मी धरतो, बाजूची तुमी धरा. दिवस बुडेपर्यंत. मंग सीतादही करतो.”

बाप्या माणसाने पोटाशी ओटी बांधून कापूस वेचायचा! पऱ्हाटीच्या एका ओळीची पाथ धरून बायांसारखं वाकायचं! वडनेरात हे कोणी केलेलं नाही. आपल्या बापाने केलं नाही, त्याच्या बापाने केलं नाही. नांगर धरीन, मोट हाकीन, गाडीखाली शिरून आख बसवीन, पण ओटी? मी ताटावरून उठलो.

तुझे ते श्रमाचे सिद्धांत आता कुठे गेले? तू इथे असतास तर तुलाच बांधायला लावली असती.

हिंमतराव


वडनेर भोलजी
ता. १७ डिसेंबर १९४७

निवृत्तीस,

मला भाऊ होता असं मागे लिहिलं होतं. त्या भावाला हे शेवटचं.

अक्षर वाईट आहे, कारण बोटांना हळद-तेलाच्या चिंध्या बांधल्या आहेत. तू कापसावर एवढं लिहिलंस, पण एक गोष्ट लिहिली नाहीस. बोंड उकललं की त्याच्या पाकळ्या वाळून काट्यासारख्या होतात. कापूस ओढताना त्या नखांच्या मुळाशी शिरतात. तुझ्या पुस्तकात हेक्टरी उतारे आहेत, टनाचे आकडे आहेत, नखांचं काही नाही. माझ्या घरी एवढी वर्षं कापूस येतो, मलाही माहीत नव्हतं. पण मी पुस्तक लिहिलेलं नाही.

होय, बांधली ओटी. गेल्या शनिवारी आभाळ भरून आलं. डिसेंबरातला एक पाऊस उभ्या कापसाची माती करतो. मी पहाटे उठलो, वहिनीच्या हातातली ओटी घेतली आणि मलाच बांधता येईना. तिने बांधून दिली. रस्त्याने ती पुढे आणि मी मागे. पुंजाजी दारात दात घासत उभा होता. त्याने घासणं थांबवलं. मी त्याला रामराम केला.

तानुबाई आणि तिच्या बाया बांधावर येऊन उभ्या होत्या. आम्ही दोघांनी सकाळभर वेचलं, दुपारी वेचलं. माझी पाथ मागे पडायची आणि वहिनी तिची संपवून माझ्या पाथीच्या दुसऱ्या टोकाने वेचत यायची. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर शिव्या देऊन घरी जाता आलं असतं. दिवस कलला तेव्हा पाठ सरळ होत नव्हती. ओटी सोडून ढिगावर रिकामी केली तर तानुबाईच्या एका फेऱ्याएवढाही कापूस निघाला नाही, आणि त्यातही अर्धा पाला.

मग वहिनीने सीतादही केली. संध्याकाळी, कधी नव्हे ते. दहीभात निम्मा स्वतः घेतला, निम्मा तानुबाईच्या हातावर ठेवला. दोघींनी मिळून शिंपडला. दुसऱ्या दिवशी तीस बाया वावरात होत्या. पाऊस नांदुऱ्याच्या पलीकडून गेला. निम्म्याहून जास्त कापूस हाती लागला, बाकीचा मातीत गेला. तो तुझ्या आणि माझ्या नावावर.

तारा तानुबाईच्या देव्हाऱ्यातच आहे आणि तिथेच राहील. मी आता मागणार नाही. तू मागायला आलास तर मी दारात आडवा उभा राहीन, एवढं समजून ये.

याचा अर्थ मी तुला माफ केलं असा घेऊ नकोस. पुस्तकाबद्दलचं माझं मत तेच आहे. दोनदा श्रमवीर झालेल्याचा त्याच्या जन्मगावी काशाचा पुतळा बसवतात, असं तू लिहिलं आहेस. तुझा इथे बसवायचा विचार असेल तर जागा मिळणार नाही.

हे पत्र बंद करताना वहिनीला विचारलं, तुझं काही लिहू का? ती ज्वारी पाखडत होती. आधी नको म्हणाली. मग म्हणाली, लिहा. तिने सांगितलं तसंच्या तसं खाली देतो.

“त्याले इचारा. दहा लेकरं पोटची असली तं तारा भेटते. माहं एकच होतं, तेबी सासूच्या पोटचं. दात पडले तवा माह्या हातात पडले त्याचे. ते स्टेशनावून घरी न येता सुदं वावरात गेलं, अन् माह्याकडे न पाह्यता तारा दुसरीले लावून गेलं. असलीले तिकडं काय देतात?”

मी चिंध्या बांधलेल्या बोटांनी तुझं पुस्तक पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटलं. तसं पान मला सापडलं नाही. असेल तर आकडा कळव, मी तिला वाचून दाखवीन. नसेल तर पत्र लिहू नकोस. नांदुऱ्याला उतर, वावरात न जाता आधी घरी ये आणि तिला तोंडाने सांग.

हिंमतराव